दोन आकड्यांच्या मॅडम

मॅडमची तांबडी पेन्सिल मी पहिल्यांदा चालताना पाहिली ती एका लग्नपत्रिकेवर. आमच्या ऑफिसातल्या क्लार्कच्या मुलीचं लग्न होतं. मुहूर्त दुपारी १२ वाजून ३७ मिनिटे. मॅडमनी पत्रिका वाचली, ३७ वर आडवी रेघ मारली, वर 'साडेबारा' लिहिलं आणि पत्रिका क्लार्कच्याच हातात परत दिली.

"कुणाच्या घड्याळात सदतीस?" त्यांनी विचारलं. "तुमच्या, भटजीच्या, का मांडवातल्या? तीन घड्याळं तीन वेळा सांगत्यात. साडेबारा म्हणा, मी येते."

क्लार्कचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. मॅडम लग्नाला गेल्या, बरोबर साडेबाराला पोहोचल्या, आणि अक्षता पडल्या दीडच्या सुमाराला. त्यावर नंतर त्यांनी एक अक्षर काढलं नाही, हे क्लार्कला जास्त झोंबलं.

ही नगरमधली गोष्ट, दहा-अकरा वर्षांपूर्वीची. एका संस्थेची पाणी तपासायची छोटी प्रयोगशाळा होती. विहिरींचं, बोअरचं, शाळांच्या टाक्यांचं पाणी बाटल्यांतून यायचं आणि मॅडम ते तपासून रिपोर्ट द्यायच्या. त्यांची रजिस्टरं कॉम्प्युटरवर चढवायला मला घेतलं होतं. माझी पहिली नोकरी. मी देवळाली प्रवराची, उसाच्या घरातली, कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून नगरला आलेली, आणि आपल्याला सगळं येतं अशी माझी खात्री होती. मॅडम पन्नाशी ओलांडलेल्या, बेलापूरच्या, बौद्ध घरातल्या. त्यांच्या घरात पदवीपर्यंत शिकलेल्या त्या पहिल्या, आणि रसायनशास्त्रात एम. एस्सी. बोलणं मात्र गावचंच ठेवलं होतं. कोणी दबकत तसं सुचवलंच तर म्हणायच्या, "परीक्षा रसायनाची दिली, जिभेची न्हाई."

माझी आणि त्यांची पहिली चकमक आकड्यांवरूनच झाली. मी मोठ्या अभिमानानं पहिला रिपोर्ट छापून त्यांच्यापुढे ठेवला. एका विहिरीच्या पाण्यातल्या क्षारांची तीन वेळा केलेली तपासणी, तिची सरासरी १५७३.३३३३. मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे तीन तीन तीन कुठून आणले?"

"सरासरी आहे मॅडम. कॉम्प्युटरनं काढली."

"आपल्या यंत्राला दोनच आकडे नीट कळत्यात. कॉम्प्युटरला आठ कसे कळले? त्यानं इहीर बघितलीय का?"

मग तांबड्या पेन्सिलीनं त्यांनी त्याचं १६०० केलं. मला ते भयंकर वाटलं. चांगला नेमका आकडा मोडून त्यांनी ढोबळ केला होता. दुसऱ्या ओळीत ०.०४६३ होतं, त्याचं ०.०४६ केलं. एकीकडे शंभरात सोडायचं आणि एकीकडे हजारांशात, हा कुठला नियम? त्यांनी मला स्टुलावर बसवून समजावलं. त्याला सार्थ अंक म्हणतात. सोळाशेमध्ये खरे आकडे दोन, एक आणि सहा. शून्य पूर्णांक शून्य चार सहामध्येही खरे दोनच, चार आणि सहा. बाकीची शून्यं नुसती जागा धरायला बसलेली असतात, एसटीत रुमाल टाकतात ना, तशी. रुमालाला कोणी प्रवासी म्हणत नाही.

"जेवढं मोजलं तेवढंच लिवायचं," त्या म्हणाल्या. "त्याच्या पुढं लिवलं की ती थाप."

हे वाक्य मी त्यांच्याकडून इतक्या वेळा ऐकलं की शेवटी मला त्याचा कंटाळा आला होता. भाजीवालीच्या काट्यावर ४८७ ग्रॅम आले की "अर्धा किलो म्हण गं, तुझा काटा अजून हलतोय." वर्तमानपत्रात तापमान ४१.३७ आलं की पेन्सिल निघालीच. कोणी वय विचारलं तर "पन्नासच्या पुढं हाय, बाकीचं आईला ठावं हुतं, ती गेली." नमुना मोजताना काचेच्या नळीतल्या पाण्याच्या रेषेशी डोळा आणायला त्या गुडघे वाकवायच्या, गुडघे कटकन वाजायचे, आणि तशाच अर्ध्या वाकलेल्या अवस्थेत त्या श्वास धरून आकडा वाचायच्या. त्या वेळी प्रयोगशाळेत कोणी खोकलं तरी खपत नसे.

बाहेरगावचे नमुने आणायला त्या स्वतः जायच्या. बर्फात ठेवायला त्यांच्याकडे एका कुल्फीवाल्याचा जुना डबा होता. तो मांडीवर घेऊन एसटीनं यायच्या, त्यामुळे पाच-सात गावांतली पोरं त्यांना कुल्फीवाल्या बाई म्हणायची आणि दिसल्या की मागे लागायची. मी एकदा बरोबर गेले होते. जंतूंच्या तपासणीसाठी पाणी घ्यायचं तर आधी नळाचं तोंड जाळावर शेकावं लागतं, नाहीतर नळाला लागलेली घाण पाण्यात मोजली जाते. मॅडमनी स्पिरिटचा बोळा पेटवून नळाभोवती फिरवला, तसे आजूबाजूचे लोक गोळा झाले. दोन बायकांनी हात जोडले. एक आजोबा पुढे येऊन म्हणाले, "बाई, नारळ फोडायचा असंल तर आनतो."

"नारळ नगं, काडेपेटी धरा," मॅडम म्हणाल्या. "वाऱ्यानं इझतंय."

आजोबांनी दोन्ही हातांनी, प्रसाद घ्यावा तशी काडेपेटी धरली. परतीच्या गाडीत मी हसून हसून बेजार झाले. मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "त्यांनी माझ्या भरवशावर हात जोडले. आता रिपोर्ट चुकला तर?"

मी म्हणाले, तुमचा रिपोर्ट कसा चुकेल?

तर त्यांच्या दोन आकड्यांचा हट्ट मला कॉम्प्युटरला शिकवायचा होता. डेटाबेसमधून रिपोर्ट काढायला जो प्रश्न लिहितात त्याला क्वेरी म्हणतात. त्या क्वेरीत दशांशचिन्हानंतर किती आकडे ठेवायचे हे सांगायची तयार सोय होती; पण पहिले दोन खरे आकडे ठेव, मग ते सोळाशे असो की शून्य पूर्णांक शून्य चार सहा, अशी सोय नव्हती. आकडा किती मोठा आहे ते आधी लॉगरिदम घेऊन काढायचं आणि मग त्यानुसार तो ढोबळ करायचा, असं एक सूत्र मला इंटरनेटवर सापडलं. बसवलं. सुरेख चाललं. मॅडमनी पंचवीस रिपोर्टांतले क्षारांचे आकडे रजिस्टरशी ताडून बघितले आणि मला त्यांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी दिली, म्हणजे सन्मानच तो.

दोन दिवसांनी त्या रिपोर्टाचा कागद घेऊन आल्या. "माझं शून्य कुठं गेलं?"

पाण्यात मैल्याचे जंतू किती, या रकान्यात चांगल्या पाण्याला शून्य येतं. आणि शून्याचा लॉगरिदम निघत नाही. सूत्र तिथे आपटायचं आणि क्वेरी त्या रकान्यात काहीच दाखवायची नाही.

"मोकळी जागा म्हंजी तपासलंच न्हाई," मॅडम म्हणाल्या. "शून्य म्हंजी तपासलं, आन् न्हाई सापडलं. हे दोन येगळे हायेत. शून्य बी मोजावं लागतं गं. त्याला पुरे दोन दिवस लागत्यात."

मी हो हो म्हटलं. तो शुक्रवार होता. दुसऱ्या दिवशी मला बघायला पाहुणे यायचे होते, आणि देवळालीची गाडी गाठायची होती. क्वेरीत मी एक तुकडा टाकला: जिथे उत्तर रिकामं येईल तिथे शून्य दाखव. मॅडमची सगळी शून्यं परत आली. खरं तर क्वेरीत आधी बघायला हवं होतं की मूळची जागाच रिकामी आहे का, आणि असेल तर ती रिकामीच ठेवायला हवी होती. त्याला दोन ओळी जास्त लागल्या असत्या. ते मला तेव्हा सुचलंही नाही, आणि जे पाहुणे आले ते पुन्हा फिरकलेही नाहीत.

याच दिवसांत मी मॅडमना आणखी एक गोष्ट सोडायला लावली. त्या प्रत्येक रिपोर्ट रजिस्टरशी ताडून मगच सही करायच्या. एका रिपोर्टाला दहा मिनिटं. संस्थेच्या सचिवांची कुरकुर चालू होती की कॉम्प्युटर आणून उपयोग काय. मी रोज त्यांच्या मागे लागायचे. "मॅडम, तुम्हीच भरता, तेच छापून येतं. पुन्हा काय बघायचं त्यात?" त्या एका बोटानं आकडे भरायच्या, पण बिनचूक. शेवटी एक दिवस रजिस्टर मिटून म्हणाल्या, "तू म्हणतीस तर ऱ्हायलं." आणि कागदांच्या गठ्ठ्यावर सरळ सह्या केल्या. मला जिंकल्यासारखं वाटलं होतं, हे आज लिहिताना लाज वाटते.

पुढच्याच आठवड्यात एका गावच्या शाळेचा शिपाई बोअरचं पाणी घेऊन आला, तेही कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत, आदल्या दिवशी भरलेलं. मॅडमनी क्षार वगैरे तपासले, जंतूंची तपासणी मात्र केली नाही. अशा पाण्यावर ती करण्यात अर्थच नसतो. त्याला उकळून बंद केलेली बाटली दिली आणि पुन्हा पाणी आणायला सांगितलं. रजिस्टरात त्या रकान्यात आडवी रेघ ओढली, कॉम्प्युटरवर जागा मोकळी सोडली. क्वेरीनं त्या मोकळ्या जागेत शून्य घातलं. शून्य आलं म्हणून प्रोग्रामनं खाली 'पिण्यास योग्य' असं लिहिलं, त्याखाली मॅडमनी सही केली, आणि रिपोर्ट शाळेला गेला. पाणी योग्य आहे म्हटल्यावर शिपाई पुन्हा बाटली घेऊन कशाला येतो?

तीन आठवड्यांनी शाळेतली मुलं जुलाब-उलट्यांनी आजारी पडली. वीस-बावीस मुलं. एक मुलगी आठवडाभर सलाईनवर होती. सगळी बरी झाली. ते तसं झालं नसतं तर मी आज हे लिहू शकले असते का, मला माहीत नाही. डॉक्टरांनी त्या बोअरचं पाणी दुसरीकडे तपासून घेतलं, त्यात जंतू निघाले, आणि मुख्याध्यापक आमचा रिपोर्ट घेऊन संस्थेत आले.

त्या दुपारी मी क्वेरी उघडली आणि बघताक्षणी मला कळलं. डेटाबेसमध्ये ती जागा मोकळीच होती, मॅडमनी सोडली होती तशी. मी त्या दोन ओळी लिहिल्या. चार मिनिटं लागली. मग मशीन बंद करून खोलीवर गेले आणि रात्री जेवले नाही. कोणाला सांगितलं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी सचिवांनी आम्हा दोघींना बोलावलं. त्यांच्यासमोर रजिस्टर आणि रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवले होते.

"रजिस्टरात रेघ आहे, रिपोर्टात शून्य आहे. मधे हे शून्य कोणी घातलं?"

"मी न्हाई घातलं," मॅडम म्हणाल्या. "मी जागा मोकळी सोडली हुती."

सचिव माझ्याकडे वळले. "प्रोग्राममध्ये काही गडबड आहे का?"

मला फक्त उठून मशीन चालू करायचं होतं आणि त्या मोकळ्या जागेवर बोट ठेवायचं होतं. नोकरी गेली असती. घरच्यांनी आधीच म्हटलं होतं की नगरला राहून काय उजेड पाडणार.

"नाही सर," मी म्हणाले. "जे भरलेलं असतं तेच प्रोग्राम दाखवतो."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता, संशय असता, तर मला बरं वाटलं असतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. थोडा वेळ स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटाकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ती म्हणतीय तर मग माझ्याच हातून पडलं असंल."

कोणी काढून टाकायच्या आधीच त्यांनी राजीनामा दिला. नोकरीची चार-पाच वर्षं राहिली होती. त्या शाळेत त्या एकट्या जाऊन आल्या, सलाईनवरच्या मुलीच्या आईच्या पाया पडल्या, असं मला नंतर समजलं. क्लार्क चहा पिता पिता म्हणाला, "कोट्यातून शिकलं की असंच व्हायचं." टेबलाभोवती आम्ही पाच जण होतो. त्या प्रयोगशाळेत मॅडमइतकं काम कळणारं दुसरं कोणी नव्हतं, हे पाचही जणांना माहीत होतं. मी चहा ढवळत राहिले. खोटं बोलले ते भीतीनं, असं मी स्वतःला समजावू शकते. या गप्प बसण्याला माझ्याकडे काहीही कारण नाही.

पुढे मी पुण्याला गेले, मोठ्या कंपनीत लागले. नगरची ती प्रयोगशाळा बंद पडली. गेल्या वर्षी माझ्या हाताखालच्या एका मुलीनं क्वेरीत अगदी तोच तुकडा टाकला, रिकामं असेल तर शून्य दाखव. मी तिला सगळ्यांसमोर इतकी बोलले की ती रडायला लागली. "एवढं काय झालंय मॅडम, अजून कुठे क्लायंटकडे गेलंय ते?" ती म्हणाली. मी तिची माफी मागितली. पण माफी कोणाची मागायची होती ते मला चांगलं ठाऊक होतं. दिवाळीच्या सुट्टीत देवळालीला आले तेव्हा घरी काही न सांगता बेलापूरची गाडी धरली.

पत्ता नव्हता. औषधाच्या दुकानात विचारलं, पाणी तपासणाऱ्या मॅडम कुठे राहतात?

"राहत्यात हितंच मागं," दुकानदार म्हणाला. "पन त्या आता तपासत न्हाईत. लोक लई मागं लागले, आमच्या इहिरीचं पानी तेवढं बघा. हातच लावत न्हाईत."

घरी मॅडम आणि त्यांची थोरली बहीण, दोघीच. मॅडम वाळल्या होत्या, पण मला बघून उजळल्या. "किती मोठी झालीस गं!" म्हणाल्या. बहिणीला हाक मारून सांगितलं, "आक्का, ही बघ, माझी कॉम्प्युटरवाली." माझी. मी चहाचा कप हातात धरून बसले. तेवढ्यात त्यांनी रक्तदाब मोजायचं यंत्र दंडाला लावलं. आकडा समोर दिसत होता, तरी त्यांनी आक्कांना बोलावलं. आक्कांनी वाचून सांगितला, मॅडमनी वहीत लिहिला, आणि वही पुन्हा आक्कांपुढे धरली, "बराबर लिवलंय का बघ."

"पार फोन लावायचा झाला तरी मला दाखवती," आक्का मला म्हणाल्या. "दहा वर्सं झाली, हेच चालू हाय. मी चौथी शिकलेली, आन् ही माझ्याकडनं आकडे तपासून घेती."

"माझ्या हाताचा भरवसा न्हाई," मॅडम सहज म्हणाल्या. "एकदा न मोजलेलं लिवलं मी. ध्यानात बी आलं न्हाई कधी लिवलं ते."

आक्का आत गेल्या. येताना मी वाक्यं जुळवून आणली होती, वय लहान होतं, घरची परिस्थिती वगैरे. त्यातलं एकही वापरलं नाही. मी क्वेरीचं सांगितलं. रिकाम्या जागेत शून्य कसं पडलं ते सांगितलं. मॅडम पुढे झुकून ऐकत होत्या.

"म्हंजी जागा मोकळी हुती?"

"हो मॅडम."

"तू सवताच्या डोळ्यांनी बघितलीस?"

"हो."

"कधी?"

"सचिवांनी बोलावलं त्याच्या आदल्या दिवशी."

त्या शिव्या देतील, रडतील, निदान का गं म्हणून विचारतील, असं मला वाटलं होतं. त्यांनी विचारलं ते एवढंच, "नक्की मोकळी हुती?" मी पुन्हा हो म्हणाले. मग त्या भिंतीला धरून उठल्या आणि माझ्याकडे न बघता आत गेल्या.

"आक्का, मी न्हवतं लिवलं गं."

"काय न्हवतं लिवलं?"

"शून्य. मी न्हवतं लिवलं. मोकळी सोडली हुती मी जागा. ती बघ, ती सांगतीय."

भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. मी बाहेर तशीच बसून होते, चहावर साय धरली होती. शेवटी आक्का एकट्याच बाहेर आल्या. डोळे पदरानं पुसले, माझ्या हातातला भरलेला कप काढून घेतला.

"गाडी कधी हाय तुझी?" त्यांनी विचारलं.

आत्ताच आहे, मी म्हणाले, आणि चपला घातल्या. आक्का कप हातात घेऊन दारात उभ्या राहिल्या, मी गल्लीत उतरेपर्यंत. आतल्या खोलीत मॅडम अजून तेच सांगत होत्या, मी न्हवतं लिवलं, मोकळी सोडली हुती, आणि ऐकायला तिथे कोणीच नव्हतं.